नवा कर्नल बूट झाला, पण नेट गेलं: दोष शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डेस्कटॉपवर तुम्ही ६.६ मालिकेतला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः कम्पाइल केला. आधीच्या कर्नलची कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय बांधायचं त्याची यादी) घेतली, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवून ती आटोपशीर केली, बिल्ड पूर्ण झाला, मशीन बूटही झालं. पण लॅन आणि वायफाय दोन्ही गायब. ‘आयपी लिंक’ कमांड दिली की फक्त ‘एलओ’ एवढी एकच ओळ येते. मग तुम्ही नेटवर्क मॅनेजरमधली कनेक्शन्स पुसून नव्याने केली, डीएनएसचे पत्ते बदलले, राउटर बंद करून चालू केला. काहीच फरक नाही. आणि आता विचारताय की कोणती नेटवर्क सेटिंग बदलू, की सगळी सिस्टिमच नव्याने टाकू?

सेटिंग एकही बदलू नका आणि सिस्टिम तर अजिबात नव्याने टाकू नका. तुमची अडचण ‘नेट चालत नाही’ ही नाही. तुमची अडचण ‘नव्या कर्नलला नेटवर्क कार्डच दिसत नाही’ ही आहे, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. ‘एलओ’ म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा आभासी मार्ग, १२७.०.०.१ वाला. तो कार्ड असो नसो, असतोच. त्याच्याशिवाय यादीत कोणी नाही, याचा अर्थ आयपी पत्ता, राउटर, डीएनएस या गोष्टींपर्यंत प्रकरण पोचलेलंच नाही. ज्या कार्डाची कर्नलला ओळखच पटलेली नाही, त्याला पत्ता कोण देणार?

पहिलं काम म्हणजे जुन्या कर्नलवर परत जा. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना कर्नल निवडायच्या, मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायाखाली तो अजून असेल. त्यावर नेट चालत असेल तर केबल, राउटर, कार्ड सगळं ठीक आहे, एवढं एका रीबूटमध्ये सिद्ध होतं. तिथे गेल्यावर डीएनएस वगैरे जे बदललंत ते पूर्ववत करून टाका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण कर्नलचा दोष सापडल्यावरही नेट न चालण्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे मधल्या गोंधळात हाताने केलेले हे बदल. माणूस एका दोषाचे दोन करून ठेवतो आणि मग खरा उपाय करूनही तो लागू पडला नाही असं त्याला वाटतं.

जुना कर्नल चालू असताना तीन गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्या. एक, ‘एलएसपीसीआय -एनएनके’चं उत्तर. यात प्रत्येक कार्डाचं नाव, त्याचा उत्पादक-क्रमांक (इंटेलचा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी) आणि त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. कार्ड यूएसबीचं असेल तर ‘एलएसयूएसबी -टी’ बघा, तिथेही ड्रायव्हरचं नाव येतं. दोन, ‘एलएसमॉड’ची पूर्ण यादी, म्हणजे त्या क्षणी चढलेली मॉड्यूल (गरजेनुसार कर्नलला जोडले जाणारे वेगळे तुकडे). तीन, ‘आयपी लिंक’. मग नव्या कर्नलवर जाऊन याच तीन कमांड पुन्हा चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. दिवसभर इकडेतिकडे शोधून जे मिळत नाही ते या तुलनेत पाच मिनिटांत मिळतं. चालणारा जुना कर्नल हा तुमच्याकडचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे. म्हणूनच नवा नीट चालेपर्यंत जुना काढून टाकायचा नसतो.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील. लॅन आणि वायफाय *दोन्ही* गेले. ही दोन वेगळी कार्डं, बहुधा दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळे ड्रायव्हर. दोघांचे ड्रायव्हर योगायोगाने एकाच वेळी बिघडले असं सहसा होत नाही. एकटं वायफाय गेलं असतं तर मी आधी फर्मवेअरकडे (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) पाहिलं असतं. एकटी लॅन गेली असती तर त्या ड्रायव्हरच्या कॉन्फिग पर्यायाकडे. दोन्ही एकदम जातात तेव्हा कारण दोघांच्या वरच्या पातळीवर, दोघांना सामाईक असं असतं. अशा वेळी माझा पहिला प्रश्न नेटवर्कबद्दल नसतो: आवाज चालतो का? पेनड्राइव्ह लावल्यावर दिसतो का? ब्लूटूथ आहे का? यातलं आणखी काही बंद असेल तर तुमच्या कर्नलला मॉड्यूलच सापडत नाहीयेत. नेट गेलेलं तुम्हाला आधी जाणवलं, एवढंच.

हे तपासायला नव्या कर्नलवर ‘युनेम -आर’ चालवा, ते चालू कर्नलचं पूर्ण नाव सांगतं. जे नाव येईल, अगदी त्याच नावाचं फोल्डर /लिब/मॉड्यूल्स मध्ये आहे का ते बघा. ‘अगदी त्याच’ यावर माझा भर आहे. कर्नल आपले मॉड्यूल फक्त स्वतःच्या पूर्ण नावाच्या फोल्डरात शोधतो. शेवटी एक अधिकचं (+) चिन्ह कमी-जास्त असलं तरी त्याच्या दृष्टीने ते फोल्डर दुसऱ्याचं. आणि हे अधिकचं चिन्ह आपोआप चिकटतं. गिटमधून घेतलेल्या सोर्समध्ये तुम्ही एखादा बदल कमिट केला की बिल्डची यंत्रणा नावाला ‘+’ जोडू शकते. ‘लोकलव्हर्जन ऑटो’ हा पर्याय चालू असेल तर कमिटचा क्रमांक आणि न नोंदलेला बदल असल्यास ‘डर्टी’ हा शब्दही जोडते. मग होतं असं की पहिल्या बिल्डला तुम्ही ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ केलेलं असतं, दुसऱ्या वेळी एखादा किरकोळ पर्याय बदलून फक्त कर्नलची इमेज बूट फोल्डरात नेऊन ठेवता. इमेजचं नाव आता वेगळं, मॉड्यूलचं फोल्डर जुन्याच नावाचं.

‘पण मग मशीन बूट कसं झालं?’ असं तुम्ही विचाराल, आणि शंका रास्त आहे. डिस्कचा आणि फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर कर्नलच्या आतच बांधलेला असेल, म्हणजे कॉन्फिगमध्ये त्यांच्यापुढे ‘वाय’ असेल, तर बूट व्हायला मॉड्यूलच्या फोल्डरची गरज पडत नाही. पडद्यावरचं चित्रही यूईएफआयने (मदरबोर्डवरच्या बूट-यंत्रणेने) आखून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर येऊ शकतं. त्यामुळे मशीन धडधाकट दिसतं. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर मात्र जवळजवळ सगळ्या डिस्ट्रोंच्या (लिनक्सच्या तयार संचांच्या) कॉन्फिगमध्ये ‘एम’ असतात, म्हणजे वेगळे मॉड्यूल. म्हणून पहिला फटका त्यांना बसतो.

फोल्डर नसेल तर सोर्सच्या फोल्डरात जाऊन ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि त्यानंतर ‘मेक इन्स्टॉल’, याच क्रमाने. क्रम महत्त्वाचा, कारण डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा डिस्ट्रोंवर ‘मेक इन्स्टॉल’ करताना इनिटरॅमएफएस (मुख्य डिस्क उघडण्याआधी वापरायची छोटी फाइल सिस्टिम) तयार होते, आणि ती मॉड्यूल उचलते ते आधी बसवलेल्या फोल्डरातून. तिथे काही नसेल तर ती रिकाम्या हाताने तयार होते.

फोल्डर जागेवर असेल, नावही तंतोतंत जुळत असेल, तर पुढची पायरी म्हणजे ड्रायव्हर हाताने चढवून बघणं. जुन्या कर्नलवर ‘एलएसपीसीआय’ने ड्रायव्हरचं नाव सांगितलेलं आहेच. समजा ते ‘आर८१६९’ आहे. मग नव्या कर्नलवर रूट होऊन ‘मॉडप्रोब आर८१६९’ द्या. येणारा संदेश घाईघाईत वाचून सोडून देऊ नका, त्यातला शब्दन् शब्द कामाचा असतो.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर मॉड्यूल बांधलंच गेलेलं नाही, किंवा बांधलंय पण ‘डेपमॉड’ने बनवलेली मॉड्यूलची यादी शिळी आहे. ‘डेपमॉड -ए’ चालवून पुन्हा बघा. तरीही नाही म्हणालं तर दोष कॉन्फिगमध्ये आहे. त्याकडे लगेच येतो.

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आलं तर मॉड्यूल आहे, पण वेगळ्या बिल्डचं. ‘डीमेसेज’च्या (कर्नलच्या नोंदींच्या) शेवटच्या ओळींत ‘व्हर्जन मॅजिक’ किंवा ‘डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ असं काहीतरी दिसेल. एकाच नावाने दोनदा बिल्ड केल्यावर हे होतं: दुसरं ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ पहिल्याची मॉड्यूल पुसून आपली ठेवतं, आणि तुम्ही बूट करत असता पहिली इमेज. यावरचा कायमचा इलाज म्हणजे प्रत्येक बिल्डला ‘लोकलव्हर्जन’ पर्यायात स्वतःचं वेगळं शेपूट द्यायचं, अगदी ‘-चाचणी१’, ‘-चाचणी२’ या धर्तीवर, फक्त अक्षरं रोमन. मी गेली कित्येक वर्षं याशिवाय एकही बिल्ड केलेला नाही. फोल्डर वेगळी राहतात, ग्रबच्या नोंदी वेगळ्या राहतात, आणि आपण नेमक्या कोणत्या कर्नलवर आहोत याबद्दल शंका उरत नाही.

‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ किंवा ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं तर ते सह्यांचं प्रकरण आहे. सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट होऊ देणारी सोय) चालू असताना, किंवा ‘मॉड्यूल सिग फोर्स’ हा पर्याय चालू असताना, कर्नल फक्त ओळखीच्या सहीचं मॉड्यूल आत घेतो. कर्नलसोबतच बांधलेल्या मॉड्यूलवर त्याच बिल्डच्या किल्लीने सही होते, त्यामुळे त्यांची सहसा अडचण येत नाही. अडतं ते बाहेरून आणून बांधलेल्या ड्रायव्हरचं, किंवा सोर्सचं फोल्डर पूर्ण साफ करून पुन्हा बिल्ड केल्यावर नवी किल्ली तयार झाली आणि मॉड्यूल मात्र जुन्या किल्लीची राहिली, अशा वेळी.

आणि ‘मॉडप्रोब’ काहीच न बोलता परत आला, तर मॉड्यूल चढलं. आता ‘आयपी लिंक’ पुन्हा बघा. कार्ड उगवलं असेल तर प्रश्न एवढाच उरतो की ते आपोआप का चढलं नाही, आणि तिथे पुन्हा ‘डेपमॉड’वर संशय घ्यायचा, किंवा मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये कोणी ते काळ्या यादीत टाकलंय का ते बघायचं.

आता ‘लोकलमॉडकॉन्फिग’बद्दल सविस्तर, कारण तुमच्या बाबतीत माझा दुसरा संशय त्याच्यावर आहे. हे साधन २००९ साली २.६.३२ मध्ये आलं. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये हजारो मॉड्यूल असतात, ती सगळी बांधायला तासन् तास जाऊ शकतात. हे साधन ‘एलएसमॉड’ची यादी बघतं आणि *त्या क्षणी* चढलेली नसलेली सगळी मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकतं. सोय उत्तम आहे, मीही वापरतो. पण त्या क्षणी काय चढलेलं होतं यावर सगळं अवलंबून. यूएसबी वायफायचा डोंगल काढून ठेवला होता? गेला. विमान मोडसाठी किंवा बॅटरी वाचवायला वायफायचं मॉड्यूल उतरवलं होतं? गेलं. ते साधन तुम्ही दुसऱ्या मशीनवर, किंवा आभासी मशीनमध्ये बसून चालवलं? मग तुमच्या डेस्कटॉपची दोन्ही कार्डं एका फटक्यात गेली, कारण त्या मशीनला त्यांची गरजच नव्हती. ‘दोन्ही एकदम गेले’ या लक्षणाशी हेही जुळतं. तुम्ही ते नेमकं कुठे आणि कोणत्या कर्नलवर असताना चालवलं हे प्रश्नात लिहिलेलं नाही, म्हणून मी ठामपणे बोट ठेवत नाही.

तपासायची रीत सरळ आहे. सोर्ससोबत स्क्रिप्ट्सच्या फोल्डरात ‘डिफकॉन्फिग’ नावाची छोटी स्क्रिप्ट येते. तिला बूट फोल्डरातली जुन्या कर्नलची कॉन्फिग आणि तुमची नवी कॉन्फिग द्या. काय वजा झालं त्याची यादी ती देते. यादी लांबलचक असेल, घाबरू नका. तुम्हाला त्यात फक्त जुन्या कर्नलवर नोंदवलेली ड्रायव्हरची नावं शोधायची आहेत. आणखी एक खाच इथे आहे. मेनूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगचे पर्याय निवडायच्या मेनूत) इथरनेटचे ड्रायव्हर उत्पादकांच्या नावांखाली लावलेले असतात. ‘रिअलटेक उपकरणं’ ही वरची ओळच बंद असेल तर तिच्याखालचे ड्रायव्हर मेनूत दिसतही नाहीत, आणि माणूस ‘या आवृत्तीत माझा ड्रायव्हर काढून टाकला’ असं समजून बसतो. मेनूत तिरकी रेघ दाबली की शोधाची चौकट उघडते. तिथे ड्रायव्हरचं नाव टाका. तो कोणत्या पर्यायांवर अवलंबून आहे आणि त्यातला कोणता बंद आहे हे ती स्वच्छ सांगते.

रिअलटेकचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. ‘आर८१६९’ला सोबत ‘रिअलटेक’ नावाचं आणखी एक छोटं मॉड्यूल लागतं, तारेकडची विद्युत बाजू सांभाळणारं. पहिलं मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये गेलं आणि दुसरं राहिलं, तर कार्ड उभं राहत नाही, आणि ‘डीमेसेज’मध्ये ‘रिअलटेक.केओ इनिटरॅमएफएसमध्ये घालावं लागेल बहुधा’ अशा अर्थाची ओळ येते. कर्नल इतक्या आपुलकीने उपाय सांगतो असे प्रसंग थोडे, तेव्हा ती ओळ दिसली तर ऐका. इंटेलच्या वायफायमध्येही अशीच जोडगोळी असते: ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ एकटं चढून उपयोग नाही, त्याच्यासोबत ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’ (किंवा जुन्या कार्डांसाठी ‘आयडब्ल्यूएलडीव्हीएम’) हवंच. दोन्ही बंद ठेवलीत तर मेनूकॉन्फिग तिथेच इशारा देतं की याशिवाय ड्रायव्हर निरुपयोगी आहे.

वायफाय म्हटलं की फर्मवेअर आलंच. ड्रायव्हर चढला, कार्ड ओळखलं, तरी इंटरफेस नाही, अशी स्थिती असेल तर ‘डीमेसेज’मध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ वायफायवाल्यांना ओळखीची आहे. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, इतकंच. फर्मवेअर कर्नलच्या सोर्समध्ये येत नाही, ते वेगळ्या पॅकेजमधून /लिब/फर्मवेअर मध्ये बसतं, त्यामुळे जुन्या कर्नलसाठी असलेलं नव्यालाही चालतं. पण नवा ड्रायव्हर कधीकधी नव्या आवृत्तीची फाइल मागतो. ती नसेल तर तो जुन्या क्रमांकांकडे उतरत जातो. म्हणून एखाद-दुसरी ‘-२’ची ओळ दिसली म्हणजे बिघाड झालाच असं नाही, शेवटी एखादी फाइल स्वीकारली का ते बघायचं.

मात्र एका प्रसंगात फाइल डोळ्यांसमोर असूनही कर्नल ‘नाही’ म्हणतो, आणि तिथे अनुभवी माणसंही तासन् तास अडकलेली मी पाहिली आहेत. आता बऱ्याच डिस्ट्रो फर्मवेअरच्या फाइली दाबून ठेवतात, नावाच्या शेवटी ‘.एक्सझेड’ किंवा ‘.झेडएसटी’ असतं. त्या उघडायची क्षमता कर्नलमध्ये पर्याय म्हणून असते: एक्सझेडची ५.३ पासून, झेडएसटीडीची ५.१९ पासून. ‘एफडब्ल्यू लोडर कॉम्प्रेस’ आणि त्याखालचा योग्य प्रकार तुमच्या कॉन्फिगमध्ये बंद राहिला, तर कर्नल मूळ नावाची फाइल शोधतो, ती नसते, आणि तो उणे दोन देतो. फोल्डर उघडून बघणाऱ्याला मात्र फाइल तिथेच दिसते. हाताने कॉन्फिग कातरणाऱ्यांच्या हातून हा पर्याय हमखास सुटतो.

त्याच वळणाची आणखी एक चूक म्हणजे ‘मॉड्यूलची कटकटच नको’ म्हणून वायफायचा ड्रायव्हर ‘वाय’ करून कर्नलमध्येच बांधणं. असा ड्रायव्हर डिस्क माउंट व्हायच्या आधीच जागा होतो, फर्मवेअर मागतो, आणि त्या वेळी /लिब/फर्मवेअर अजून अस्तित्वातच नसतं. फाइल इनिटरॅमएफएसमध्ये किंवा ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’ पर्यायाने कर्नलच्या पोटात घातलेली असेल तरच निभावतं. वायफायला ‘एम’च बरं.

इथवर ‘कार्ड दिसत नाही’ ही बाजू झाली. कार्ड दिसायला लागल्यावरही नेट आलं नाही तर काय, तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा विचारावं लागणार नाही.

‘आयपी लिंक’मध्ये कार्ड आहे पण ‘नो-कॅरिअर’ लिहिलंय, तर तारेवर समोरून प्रतिसाद नाही: केबल, स्विचचं पोर्ट, किंवा मघाची तारेकडची बाजू सांभाळणारी जोडगोळी. कॅरिअर आहे पण पत्ता मिळत नाही, तर डीएचसीपीचा (राउटरकडून आपोआप पत्ता मागणारा) क्लायंट काय म्हणतो ते नोंदींत बघा. ‘अ‍ॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल’ असं असेल तर कॉन्फिगमधला ‘पॅकेट सॉकेट’ पर्याय बंद झालाय. पत्ता मिळण्याआधीच पाकीट पाठवायचं असल्याने डीएचसीपीला तो लागतो, आणि नाव साधं असल्याने कॉन्फिग कातरताना तो बिनमहत्त्वाचा वाटतो.

कार्ड आहे, पण वेगळ्याच नावाने आलंय, असंही होतं. कर्नल कार्डाला ‘ईटीएच०’ असं साधं नाव देतो, आणि मग यूडेव्ह (उपकरणं सांभाळणारा सिस्टिमडीचा भाग) ते बदलून ‘ईएनपी३एस०’सारखं करतं, ही पद्धत सिस्टिमडीच्या १९७व्या आवृत्तीपासून, २०१३ पासून आहे. हे नाव यूडेव्ह कर्नलने पुरवलेल्या तपशिलावरून बनवतं: कार्ड कोणत्या खाचेत आहे, मदरबोर्डने त्याला कोणता क्रमांक दिलाय, पोर्टला वेगळं नाव आहे का. नव्या कर्नलने यातलं काही कमी किंवा जास्त सांगितलं की नाव बदलतं, आणि स्थिर पत्ता ज्या नावाला बांधलेला होता ते नाव आता कोणाचंच नसतं. ग्रबमधल्या जुन्या ओळीत ‘नेट.आयएफनेम्स=०’ होतं आणि नव्या नोंदीत ते राहून गेलं, तरीही हेच घडतं. स्थिर पत्ता लावायचा असेल तर नावाऐवजी कार्डाच्या मॅक पत्त्यावरून ओळख पटवून लावा.

पत्ता मिळालाय, गेटवेला पिंग जातो, तरी काही ठराविकच गोष्टी बंद आहेत, जसे कंटेनर, व्हीपीएन, फायरवॉल, तर ते सगळे वेगवेगळ्या कर्नल पर्यायांवर उभे असतात: ब्रिज, व्हेथ, टन, एनएफ टेबल्स. वायरगार्ड ५.६ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, पण तोही पर्याय चालू करावा लागतोच. यात शोधाची रीत तीच, ‘डिफकॉन्फिग’.

आणि तुमचं वायफाय अशा ड्रायव्हरवर चालत असेल जो मुळात कर्नलच्या सोर्समध्ये नाही, डीकेएमएस या साधनाने बाहेरून बांधला जातो, तर कॉन्फिगबद्दलचं वरचं काही लागू नाही. तो नव्या कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो, त्यासाठी /लिब/मॉड्यूल्स मधल्या त्या फोल्डरातला ‘बिल्ड’ हा दुवा सोर्सकडे नीट जात असायला हवा. म्हणजेच बिल्ड झाल्यावर जागा वाचवायला सोर्स पुसू नका. ‘डीकेएमएस स्टेटस’ दिलंत की कोणत्या कर्नलसाठी काय बांधलेलं आहे ते समोर येतं.

हाच प्रसंग दूरच्या सर्व्हरवर आला तर मात्र जुना कर्नल निवडायला ग्रबच्या मेनूपुढे कोणी बसलेलं नसतं. माझ्या बाबतीत हे घडलं आहे. एका आभासी सर्व्हरसाठी मी कर्नल माझ्या डेस्कवरच्या मशीनवर बांधला, ‘लोकलमॉडकॉन्फिग’ही तिथेच चालवला. डेस्कवरच्या मशीनला ‘व्हर्टिओ नेट’ची (आभासी मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची) गरज नसल्याने ते मॉड्यूल गळालं. सर्व्हर बूट झाला, सगळ्या सेवा चालू झाल्या, आणि बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचा एकही मार्ग उरला नाही. कन्सोलचा प्रवेश मिळवून जुन्या कर्नलवर येईपर्यंत अर्धा दिवस गेला, आणि तेवढा वेळ त्यावर अवलंबून असलेली माणसं खोळंबून होती. तेव्हापासून मी ‘एलएसमॉड’ची यादी त्या सर्व्हरवरूनच काढून फाइल म्हणून आणतो आणि ‘एलएसमॉड=’ या चलातून बिल्डला देतो. शिवाय ग्रबमध्ये मूळ निवड जुन्या कर्नलचीच ठेवतो (त्यासाठी ‘ग्रब_डिफॉल्ट’ची किंमत ‘सेव्हड’ हवी), ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल फक्त एका बूटपुरता निवडतो, आणि बूट झाल्यावर पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप रीबूट होईल असा टायमर लावून ठेवतो. मी आत पोचू शकलो तर टायमर रद्द करतो. नाही पोचलो तर मशीन स्वतःच जुन्या कर्नलवर परत येतं.

तर तुम्ही आता जुन्या कर्नलवर जा, दोन्ही कार्डं चालू आणि जोडलेली ठेवा, डोंगल असतील तर तेही लावा. नव्या कर्नलवर ‘युनेम’ने दिलेलं नाव आणि फोल्डरचं नाव यांचा मेळ आधी बघा, तिथेच उत्तर सापडायची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, आणि तसं झालं तर पुन्हा बिल्ड करायचीही गरज नाही, फक्त मॉड्यूल बसवून इनिटरॅमएफएस नव्याने करायची. मेळ बसत असेल तर जुन्या पूर्ण कॉन्फिगपासून सुरुवात करा, ‘लोकलव्हर्जन’ला नवं शेपूट द्या, ‘लोकलमॉडकॉन्फिग’ याच मशीनवर चालवा, आणि बिल्डला लावायच्या आधी तुमच्या दोन्ही ड्रायव्हरची नावं कॉन्फिग फाइलमध्ये ‘एम’सह आहेत ना, हे ‘ग्रेप’ने बघा. मॉड्यूल बसवून झाल्यावर, रीबूट करण्याआधी, नव्या फोल्डरात त्या दोन मॉड्यूलच्या ‘.केओ’ फाइली आल्यात का तेही बघून घ्या.

एवढं करूनही कार्ड दिसलं नाही, तर दोन्ही कर्नलवरचं ‘एलएसपीसीआय -एनएनके’चं उत्तर, ‘मॉडप्रोब’ने दिलेला संदेश जसाच्या तसा, आणि ‘डीमेसेज’मधल्या त्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळी पाठवा. मॅक पत्ते मात्र पुसून पाठवा.